लेण्यात नाव, नगरात घर : दक्षिणापथातील भिक्खुणींचे उपाश्रय

रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेणीसमूहात एक लहानसा दानलेख आहे. लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, यांचे दान केल्याची नोंद त्यात आहे. दान करणारी आहे प्रव्रजिता पदुमनिका. तिची आई नागनिका हीसुद्धा प्रव्रजिता. स्थविर भदन्त पातिमित्र आणि भदन्त आगिमित्र हे या मायलेकींच्या घरातील मामा. दानात पदुमनिकेबरोबर तिच्या दोन अंतेवासिनी सहभागी आहेत, एक बोधी आणि दुसरी असाळ्हमित्रा. सहा माणसांपैकी दोघे भिक्खू आणि चौघी भिक्खुणी. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोकणातील एका घराण्यात धम्म किती खोलवर रुजला होता, याची याहून बोलकी साक्ष आम्हांस ठाऊक नाही.

हा लेख एकटा नाही. कुड्यातच स्थविर विजय यांची शिष्या सापिला हिने लेणे दिले आहे, आणि तिच्याही शिष्येचे नाव बोधी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात आषाढमित्रा नावाच्या भिक्खुणीचे वेदिकादान आहे. तेथेच कोडी नावाच्या दुसऱ्या भिक्खुणीची ओळख ‘घुणिकाची माता’ अशी दिली आहे. प्रव्रज्या घेतल्यानंतरही तिचे मातृत्व कोणी पुसून टाकले नाही, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. कान्हेरीत धेनुकाकटच्या उपासकाची कन्या सापा ही भेटते. स्थविर भदन्त बोधिक यांची ती अंतेवासिनी. बहीण रतिनिका आणि इतर आप्त यांच्यासह तिने लेणे व पोढी चातुर्दिश भिक्खुसंघाला अर्पण केली. कान्हेरीच्या अशा लेखांत अक्षयनीवीचेही उल्लेख येतात. मुद्दल कायम ठेवावयाचे आणि त्याच्या उत्पन्नातून तेथे राहणाऱ्यास चीवर व पादत्राणे पुरवावयाची, अशी ती व्यवस्था होती.

गृहत्याग केलेल्या स्त्रीजवळ लेणे कोरवून घेण्याइतके द्रव्य कोठून आले, असा प्रश्न अनेक अभ्यासकांनी विचारला आहे. भिक्खू-भिक्खुणींची स्वतःची मालमत्ता असे, असे काहींचे मत आहे. सापेच्या लेखात बहीण व आप्तस्वकीय दानात भागीदार आहेत, हे पाहता द्रव्य बहुधा माहेरच्या गोतावळ्याने उभे केले आणि भिक्खुणीने त्याला दिशा दिली, असे आम्हांस वाटते. आजही आपल्या वस्तीत विहाराची वर्गणी कोण गोळा करते, हे वाचक जाणतातच.

परंतु खरा प्रश्न वेगळा आहे. पदुमनिका, सापिला, सापा यांनी लेणी दिली, पण त्या स्वतः राहत कोठे होत्या?

लेण्यात त्यांचे नाव आहे म्हणून त्या लेण्यातच राहत असतील, असे गृहीत धरण्याची सवय आपल्याला लागली आहे. विनयपिटक मात्र वेगळे सांगते. चुल्लवग्गातील भिक्खुणीविषयक स्कंधकात अशी कथा आहे की, अरण्यात राहणाऱ्या भिक्खुणींवर दुष्टांनी अत्याचार केले, तेव्हा तथागतांनी भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम घालून दिला. एकटीने गावात जाऊ नये, एकटीने नदी ओलांडू नये, रात्री एकटीने बाहेर राहू नये, हे नियमही याच काळजीतून आलेले दिसतात. त्याच स्कंधकात भिक्खुणीसंघाने उपासकाकडून कोठार, उपाश्रय आणि नवे बांधकाम स्वीकारावे अशी अनुज्ञा आहे. श्रावस्तीला जेतवनाजवळ राजा प्रसेनजिताने भिक्खुणींसाठी बांधलेला राजकाराम याच प्रकारचा होता. अर्थात भिक्खूंचे लेणे डोंगरात आणि भिक्खुणींचे घर नगरात, अशी ही मांडणी होती.

महाराष्ट्रात तिचा पुरावा जुन्नरच्या एका दानलेखात मिळतो. लेणे आणि पोढी यांच्या दानाबरोबर त्यात नगरातील भिक्खुणी-उपाश्रयाचा उल्लेख येतो, आणि तो उपाश्रय धम्मुत्तरीय निकायाचा असल्याचे म्हटले आहे. एवढेच मोजके शब्द आहेत. पण ते ‘नगरात’ हा शब्द स्पष्ट लिहितात. आज जुन्नरच्या डोंगरांतील लेणी आपण पायऱ्या चढून पाहतो, आणि हा उपाश्रय ज्या नगरात होता त्या नगरावर आजचे जुन्नर वसलेले आहे. कातळ उरला, विटा आणि लाकूड गेले. भिक्खुणींचा इतिहास आपल्याला अपुरा दिसतो त्याचे एक कारण हे इतके साधे आहे, आणि लेण्यांवरील आमच्याच जुन्या लेखांतून ते निसटले होते, हे येथे मान्य केले पाहिजे.

सोलापूरच्या वाचकांना या दृष्टीने दोन स्थळे जवळची आहेत. पहिले तेरणाकाठचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले आहे. तेथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असे. आपल्या सोलापूरच्या मागांची ही फार जुनी शेजारीण म्हणावयास हरकत नाही. तेरच्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. तेथील त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे हेन्री कझिन्स यांनी मांडले होते. डोंगर नसलेल्या या मुलखात सगळाच बौद्ध संघ विटांच्या घरांत राहत असणार, म्हणून उपाश्रयाच्या शोधाला तेरसारखी पांढर लेण्यांपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

दुसरे स्थळ भीमेच्या काठचे. पंढरपुरावरून सोलापूर जिल्ह्यातून वाहत जाणारी हीच भीमा पुढे कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळ जाते. सन्नतीला १९८६ मध्ये सम्राट अशोकाचा शिलालेख उजेडात आला. जवळच्या कनगनहळ्ळी येथे १९९० च्या दशकापासून झालेल्या उत्खननात महाचैत्य सापडला. ‘राया असोको’ असे नाव कोरलेले अशोकाचे शिल्प तेथलेच. तेथील लेखांचे वाचन माइको नाकानिशी आणि ओस्कर फॉन हिन्युबर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या दानलेखांत भिक्खू आणि गृहस्थांच्या बरोबरीने भिक्खुणीही दाते म्हणून उभ्या आहेत. म्हणजे भीमेच्या खोऱ्यात भिक्खुणीसंघ होता, हे आता अनुमान राहिलेले नाही.

उपाश्रयातील जीवन कसे होते, याची रूपरेषा विनयावरून काढता येते. दर पंधरवड्याला उपोसथ आणि भिक्खुसंघाकडून ओवाद. पहाटे ध्यान, मग पिंडपात, मध्यान्हीपूर्वी एक भोजन, दुपारनंतर पठण आणि शिष्यांना शिकवण. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास. या काळात चारिका बंद, पण वर्षावास संपल्यावर निघालेच पाहिजे, असाही नियम भिक्खुणींना होता. स्थिर राहणे आणि बाहेर पडणे या दोन्ही गोष्टी सक्तीच्या होत्या. ज्या ठिकाणी भिक्खू नाहीत तेथे भिक्खुणींनी वर्षावास करू नये, आणि वर्षावासाअखेरची पवारणा दोन्ही संघांसमोर करावी, हे अष्ट गुरुधम्मांत येते. वर्षावास हा विश्रांतीचा काळ नव्हता. उपासिका याच दिवसांत उपाश्रयात येत, अष्टशील घेत आणि धम्म ऐकत. विद्येचा स्तर किती उंच असू शकतो, हे मथुरेच्या लेखावरून कळते. कुषाण राजा हुविष्काच्या ३३ व्या वर्षी भिक्खुणी धनवतीने तेथे मूर्ती बसविली आणि आपली ओळख त्रिपिटक जाणणाऱ्या बुद्धमित्रेची भाची अशी दिली. ही बुद्धमित्रा भिक्खू बलाची अंतेवासिनी होती. ‘थेरीगाथे’तील ७३ थेरींचे काव्य ज्या परंपरेत मुखोद्गत राहिले, ती परंपरा अशाच गुरु-शिष्यांची होती.

मग हा संघ गेला कोठे? उत्तर शोधताना दुसऱ्या धर्माच्या एका स्त्रीमठाचा इतिहास आम्हांस उपयोगी वाटतो. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठजीवनाचा नियम लिहिला. प्रार्थना, श्रम, वाचन आणि अतिथीचा सत्कार यांवर तो उभा आहे. त्या नियमाने चालणाऱ्या अनेक स्त्रीमठांपैकी एक स्टॅनब्रुक. इंग्लंडमध्ये कॅथलिक मठांना बंदी असताना नऊ इंग्लिश तरुणींनी १६२३ ते १६२५ या काळात फ्रान्सच्या सीमेवरील काँब्रे येथे तो स्थापिला. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ मध्ये त्यांना पकडून काँपिएन्यच्या तुरुंगात टाकले. घर गेले, ग्रंथालय गेले, चौघी तुरुंगातच वारल्या. १७९५ मध्ये उरलेल्या जणी इंग्लंडला परतल्या, त्या वेळी त्यांच्या अंगावर आदल्या वर्षी वधस्तंभावर गेलेल्या कार्मेलाइट भगिनींनी मागे ठेवलेले कपडे होते. प्रथम मुलींची शाळा चालवून त्यांनी गुजराण केली. १८३८ मध्ये स्टॅनब्रुक येथे त्या स्थिरावल्या. तेथे त्यांनी स्वतःचा छापखाना चालविला, आणि २००९ मध्ये तो मठ यॉर्कशरमधील वास या गावी गेला. काही दिवस मौनात राहण्यासाठी येणाऱ्या अतिथींना तेथे आजही जागा आहे.

ही हकीगत सांगण्याचा हेतू कौतुक करण्याचा नाही. भिक्खुणीसंघ गुरुधम्मांमुळे दुबळा झाला आणि म्हणून संपला, असे सरसकट लिहिले जाते. पण बेनेडिक्टाइन स्त्रियांनाही मिस्सा आणि पापनिवेदन यांसाठी पुरुष धर्मगुरूवरच अवलंबून राहावे लागत आले आहे. तेव्हा अवलंबन एवढेच कारण पुरेसे नाही. फरक दिसतो तो दुसरीकडे. काँब्रेच्या स्त्रियांना स्वतःची मठप्रमुख निवडण्याचा अधिकार होता, संस्थेच्या नावाने घर घेता येत होते, आणि संकटात आधार देणारी घराणी होती. आपल्याकडे नाशिक आणि कार्ल्याच्या राजदानलेखांत भिक्खूंना गावे व शेते मिळतात. भिक्खुणींच्या उपाश्रयाला गाव दिल्याचा लेख तेथे नाही. गौतमी बलश्री ही सातवाहन कुळातील राजमाता. तिनेसुद्धा नाशिकचे लेणे दिले ते भद्रायणीय भिक्खूंना. आयत्या उत्पन्नाचे गाव नाही आणि पिंडपातावर भागवावयाचे, अशा घराला एक मोठा दुष्काळ पुरेसा असतो. नॅन्सी फॉक यांनी १९८० मध्ये याच दिशेने विचार मांडला होता. पाचव्या शतकापासून दानलेखांतून भिक्खुणींची नावे ओसरत जातात, याकडे ग्रेगरी शोपेन यांनीही लक्ष वेधले आहे. अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेखांत शाक्यभिक्खू ठायीठायी आहेत. पदुमनिकेची वारस तेथे भेटत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ मध्ये ‘महाबोधी’ मासिकातून हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीची मीमांसा केली. बुद्धांनी स्त्रीला हीन लेखले हा आरोप त्यांनी तेथे खोडून काढला. स्त्रियांविषयीचा महापरिनिब्बाण सुत्तातील आनंद-संवाद मागाहून घुसडलेला असल्याचे त्यांनी दाखविले, आणि प्रव्रज्येचा अधिकार म्हणजे स्त्रीला मिळालेले ज्ञानाचे स्वातंत्र्य असल्याचे सांगितले. हे विवेचन ग्रंथांच्या आधारे झाले. लेण्यांतील दानलेख त्याला दगडाचा आधार देतात. ज्या समाजात मायलेकी दोघी प्रव्रजिता होऊन शिष्या घडवतात, तेथे तो अधिकार कागदावरचा नव्हता.

भिक्खुणी उपसंपदेची परंपरा १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला झालेल्या सोहळ्यांतून थेरवादी देशांतील स्त्रियांसाठी पुन्हा सुरू झाली. आज महाराष्ट्रातही भिक्खुणी आहेत. त्यांची अडचण मात्र पदुमनिकेच्या काळातीलच आहे. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन वस्तीवस्तीतील विहारांत चालते, आणि बसणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक स्त्रिया असतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. एका वर्षी एका विहारात प्रवचनासाठी भिक्खुणी आल्या. विहाराला भन्तेजींसाठी एक खोली होती. भिक्खुणींची सोय एका उपासिकेच्या पुढच्या खोलीत केली गेली. शिवणयंत्र भिंतीला सरकवून तेथे सतरंजी अंथरली. त्या उपासिकेने कोणतीही तक्रार केली नाही, भिक्खुणींनीही नाही. पण तीन महिन्यांचा वर्षावास त्या खोलीत झाला नसता.

विहाराच्या भिंतीवरील संगमरवरी पाटीवर दात्यांची नावे कोरलेली आम्ही त्या दिवशी वाचली. अकरापैकी सात नावे स्त्रियांची होती. आता त्याच विहारावर दुसरा मजला चढविण्याचे ठरले आहे आणि नकाशा तयार होत आहे. त्यात स्वतंत्र जिना, न्हाणीघर आणि दाराला आतून कडी असलेली दोन खोल्यांची जागा भिक्खुणींसाठी दाखवावी, आणि ती उपाश्रय म्हणून संस्थेच्या दप्तरात त्याच नावाने नोंदवावी, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.