एकोणिसाव्या शतकातील भारतीय धर्मचिंतनात येशू ख्रिस्त : राममोहन रॉय ते महात्मा फुले

एखादा धर्मपुरुष त्याच्या अनुयायांच्या हातून परधर्मीयांच्या हाती गेला की त्याचे काय होते, हा धर्मेतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. इस्लामने येशूला 'ईसा' या नावाने थोर प्रेषित मानले, मरियमच्या पोटी त्याचा अलौकिक जन्म मान्य केला. परंतु त्याचे ईश्वरपुत्रत्व नाकारले. एकोणिसाव्या शतकात मिशनरी कार्य वाढल्यावर भारतीय विचारवंतांनाही या प्रश्नास सामोरे जावे लागले. त्यांनी दिलेल्या उत्तरांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये 'प्रिसेप्ट्स ऑफ जीझस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शुभवर्तमानांतील नीतिवचने त्यांनी निवडली. चमत्कार आणि त्रैक्याचा सिद्धांत बाजूस ठेवला. ही निवड आकस्मिक नव्हती. फारसी-अरबीचा त्यांचा व्यासंग होता आणि 'तुहफत-उल-मुवाहिदीन' या आपल्या आरंभीच्या फारसी ग्रंथात त्यांनी एकेश्वरवाद मांडला होता. येशूकडे ते वळले ते ही दृष्टी घेऊनच. बंगालमधील सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी पुस्तकावर कठोर टीका केली. पुस्तकातील नीती त्यांना मान्यच होती; आक्षेप होता तो प्रायश्चित्त आणि देवत्व वगळून येशू सांगण्याला. राममोहनांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक वचनांच्या आधारे तीन 'अपील' लिहून उत्तर दिले. तिसरे छापण्यास बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्याने नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापखाना उभारून १८२३ मध्ये ते प्रसिद्ध केले. बायबलचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद असा छापखान्याच्या दारापर्यंत पोहोचला.

याच सुमारास घडलेली एक घटना अधिक बोलकी आहे. शुभवर्तमानांच्या बंगाली भाषांतरात राममोहनांसोबत काम करणारे बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम अ‍ॅडम यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातील एका ग्रीक शब्दयोगी अव्ययाचा प्रश्न आला. सृष्टी 'त्याने' झाली की 'त्याच्या द्वारे' झाली? दुसरा अर्थ घेतल्यास येशू कर्ता न राहता माध्यम ठरतो. चर्चेअंती १८२१ मध्ये अ‍ॅडम यांनी त्रैक्यवादच सोडला. ज्याने धर्मांतर घडवावयाचे तोच बदलला! व्याकरणाने इतका मोठा परिणाम घडवून आणल्याची उदाहरणे इतिहासात फारशी आढळत नाहीत.

केशवचंद्र सेन यांचा मार्ग भिन्न होता. १८६६ मध्ये कलकत्त्यात 'जीझस क्राइस्ट : युरोप अँड एशिया' या व्याख्यानात त्यांनी येशू आशियाई होता, यावर भर दिला. भारतीयांना तुच्छ लेखणाऱ्या युरोपीय सत्ताधाऱ्यांना त्यांचाच प्रभू आशियाई असल्याची ही आठवण होती. केशवचंद्र लवकरच ख्रिस्ती होणार, अशी अनेकांची समजूत झाली. ते झाले नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या येशूप्रेमात भावना अधिक आणि समाजविश्लेषण कमी होते.

समाजविश्लेषणाची ही बाजू महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी मांडली. ते पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसविले. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' ही इच्छा मराठी शेतकऱ्याच्या घरोघरी आजही उच्चारली जाते. वामनाने पाताळात घातलेला बळी हा फुल्यांच्या दृष्टीने शूद्रातिशूद्रांचा न्यायी राजा. दीनांची बाजू घेणारा आणि त्यासाठी वधस्तंभावर गेलेला येशू त्याच कुळातला. पाश्चात्त्य धर्मपुरुषाला येथे चर्चच्या किंवा वेदान्ताच्या परिभाषेची गरज उरली नाही; त्याला देशी लोकस्मृतीत जागा मिळाली. राममोहनांचा वाद ग्रंथप्रामाण्याचा होता, फुल्यांचा मात्र जातिव्यवस्थेशी. म्हणूनच त्यांना त्रैक्याची चिकित्सा करीत बसण्याचे कारण नव्हते.

तथापि फुल्यांनी येशूला किंवा बायबलला अंतिम प्रमाण मानले नाही. मरणोत्तर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी निर्मिकाची कल्पना केंद्रस्थानी ठेवली आणि एकाच कुटुंबातील माणसांनी बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम व सत्यधर्म यांपैकी आपापल्या पटलेल्या धर्माने चालावे आणि तरीही प्रेमाने एकत्र राहावे, असे सुचविले. त्या घरात येशूला मानणाऱ्याने इतरांना येशूकडे वळविण्याची अट नव्हती. मार्शमन यांना हा येशू ओळखता आला नसता.