प्रोसेसरचे अंदाज आणि त्यांची किंमत

संगणकाचा प्रोसेसर आज्ञा लिहिलेल्या क्रमानेच पाळतो, हा समज आता खरा राहिलेला नाही. मुख्य स्मृतीतून माहिती येण्यास प्रोसेसरची शेकडो आवर्तने खर्ची पडू शकतात. तेवढा वेळ स्वस्थ न बसता तो पुढील आज्ञा आधीच हाती घेतो. पुढची दिशा एखाद्या अटीवर अवलंबून असेल, तर पूर्वानुभवावरून एक वाट निवडून तो काम सुरू करतो. यास 'स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशन' म्हणतात. अंदाज खरा ठरल्यास वेळ वाचतो. चुकल्यास केलेले काम रद्द होते. इंटेलच्या १९९५ मधील 'पेंटियम प्रो'मध्ये हे तंत्र होते.

मात्र रद्द झालेल्या कामाच्या खुणा पूर्णपणे पुसल्या जात नाहीत. त्या वेळी वाचलेली माहिती 'कॅश' या जलद स्मृतीत राहते आणि ती मिळण्यास लागणारा वेळ मोजून गुपिते ताडता येतात. ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झालेल्या 'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' या दोषांचे मूळ हेच. मेल्टडाउनमुळे सामान्य प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिमची राखीव स्मृती वाचणे शक्य झाले. त्याचा फटका प्रामुख्याने इंटेलला बसला. स्पेक्टरच्या कक्षेत एएमडी आणि एआरएम रचनेचे प्रोसेसरही आले.

ऑपरेटिंग सिस्टिममधील बदलांनी मेल्टडाउनला अटकाव झाला, पण काही कामांचा वेग घटला. स्पेक्टरवर रामबाण उपाय नाही. अंदाज बांधणे सोडावे तर वेग जातो आणि न सोडावे तर गुप्तता धोक्यात येते, हा पेच कायम आहे.