मराठवाड्यातील मर्दनोपचार आणि मर्मविचार

नांदेड व लातूर या भागांत कंबरेत उसण भरली असता पायाळू माणसास बोलावून त्याचा पाय दुखऱ्या जागी लावून घेण्याची रीत जुनी आहे. पायाकडून जन्मलेल्या व्यक्तीच्या अंगी हा गुण असतो, अशी समजूत. सरकलेली बेंबी पोट चोळून ‘बसविणे’, बाळंतिणीचे अंग तेलाने रगडणे, तालमीतील मालिश, हे प्रकारही याच वर्गातले. अलीकडे या साऱ्यांस ‘अ‍ॅक्युप्रेशर’ हे एकच नाव देऊन त्याचे मूळ आयुर्वेदातील मर्मविचारात दाखविले जाते. ही उपपत्ती टिकणारी नाही.

सुश्रुताने शारीरस्थानात 107 मर्मे सांगितली आहेत. पण ती दाबावयाची स्थाने म्हणून नव्हे, तर शस्त्रकर्मात जपावयाची स्थाने म्हणून. अंगठा व शेजारचे बोट यांमधील ‘क्षिप्र’ मर्म विद्ध झाल्यास आक्षेपकाने मृत्यू येतो, असे तो म्हणतो. हाताच्या नेमक्या त्याच जागी चिनी पद्धतीत डोकेदुखीसाठी दाब देतात. स्थान एक, एकाच्या लेखी ते भयाचे, दुसऱ्याच्या लेखी उपचाराचे. एवढ्या साम्यावरून वंशसंबंध सिद्ध होत नाही. तळपायाच्या ज्या आकृत्या प्राचीन म्हणून दाखविल्या जातात, त्यांचा उगम तर अमेरिकेतील आहे. शरीराच्या उभ्या पट्ट्यांची कल्पना मांडणारा फिट्झजेराल्ड यांचा ग्रंथ 1917 चा आणि युनिस इंगहॅम यांचे तळपायावरील पुस्तक 1938 चे. त्याच 1938 साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चिनी सुई-उपचार शिकून तो कलकत्त्यास आणला. चिनी विद्येची भारतातील ही वाट अशी अर्वाचीन आहे.

मराठवाड्यातील जुना पुरावा मर्मदाबाचा नसून मर्दनाचा आहे. लातूरच्या आग्नेयेस असलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (1126-1138) याने ‘मानसोल्लासा’त राजाच्या वीस उपभोगांत पादाभ्यंगास स्वतंत्र स्थान दिले. पुढील शतकातील ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या दिनक्रमात मर्दना व मादणे, म्हणजे अंग चोळणे व स्नान, यांचे उल्लेख वारंवार येतात. एकीकडे तो राजाचा भोग, दुसरीकडे भक्तांची सेवा.

सुईणीच्या हातास मात्र अशा ग्रंथांत जागा मिळाली नाही. तिची विद्या सासूकडून सुनेकडे तोंडीच गेली. तिला 107 मर्मे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तान्ह्याची टाळू भरताना हात किती हलका ठेवावा, हे तिला ठाऊक होते.