माशी, गळाची

गळावर दोरा आणि पिसे बांधून केलेले, पाण्यावरच्या किड्यासारखे भासणारे आमिष. इलियन या रोमन लेखकाने सुमारे 1,800 वर्षांपूर्वी मॅसिडोनियातील अशा माशीचे वर्णन केले आहे. गळाभोवती तांबडी लोकर व कोंबड्याची दोन पिसे, एवढेच तिचे साहित्य. इंग्लंडमधील फ्रँक सॉयर यांनी तर दोराही वगळला आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू तांब्याच्या बारीक तारेने बांधले.

महाराष्ट्रात गळाची परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावण्याची रीत आहे. माशी बांधण्याची नाही. साहित्य मात्र जानेफळसारख्या (ता. मेहकर, जि. बुलढाणा) गावात सहज मिळते : शिवणाचा दोरा, कोंबडीचे पीस, रानात गळून पडलेले मोरपीस.

प्रथम गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे घट्ट बसवतात. मोरपिसाचे दोन-तीन तंतू मागच्या टोकाशी बांधून, दोऱ्यासह पिळून, पुढे गुंडाळत आणतात. नुसता तंतू माशाच्या दातांनी लगेच तुटतो, म्हणून हा पीळ महत्त्वाचा. गळाच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोरी ओवण्याच्या छिद्राजवळ, कोंबडीच्या पिसाचे दोनच वेढे द्यावेत. जास्त दिले तर किड्याचे रूप हरवते. कोंबडीचे मऊ पीस पाण्यात पायांसारखे हलते, तर कोंबड्याचे ताठ पीस माशीला तरंगत ठेवते. शेवटी गाठी मारून दोरा कापतात.