एक लाख कॉम्प्युटर अपडेट कसे ठेवतात? गूगलच्या 'जीलिनक्स'ची गोष्ट

लॅपटॉपवर 'अपडेट करा' असा मेसेज आला की आपण 'नंतर बघू' म्हणून तो बंद करतो. पण एकाच नेटवर्कवर शेकडो कॉम्प्युटर असतील, तर हे 'नंतर बघू' महागात पडतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या व्हर्जनची मुदत संपली की तिला सिक्युरिटी पॅच मिळणं बंद होतं. मग एका कच्च्या मशीनमधूनही हॅकरला आत शिरता येतं.

गूगलकडे तर अशी एक लाखाहून जास्त मशीन होती. त्यांच्यावर लिनक्स चालायचं, तेही कंपनीने आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतलेलं. ते उबुंटूच्या एलटीएस व्हर्जनवर आधारलेलं होतं, म्हणून त्याचं नाव 'गूबुंटू'. (हो, खरंच हेच नाव होतं!)

उबुंटूचं नवं एलटीएस व्हर्जन दर 2 वर्षांनी येतं. म्हणजे 2 वर्षांत साठलेले सगळे बदल एकदम अंगावर येणार. सॉफ्टवेअरची पॅकेजेस बदलली, सेटिंगच्या फाइल्स बदलल्या की काही ना काही बिघडतंच. सगळी मशीन नव्या व्हर्जनवर न्यायला वर्षाचा बराचसा काळ जायचा. ते काम हातावेगळं होईपर्यंत पुढच्या व्हर्जनची तयारी दारात उभी!

म्हणून गूगलने गूबुंटू सोडलं आणि डेबियनच्या 'टेस्टिंग' शाखेवर आधारलेलं 'जीलिनक्स' आणलं. 2018 मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. यातला बदल असा की 2 वर्षांनी मोठी उडी मारण्याऐवजी दर आठवड्याला छोटं पाऊल टाकायचं. याला 'रोलिंग रिलीज' म्हणतात.

पण दर आठवड्याला अपडेट म्हणजे दर आठवड्याला गडबडीची भीती नाही का? त्यासाठी 'सीव्ह' नावाची यंत्रणा आहे. सीव्ह म्हणजे चाळणी. डेबियनमध्ये एखादं पॅकेज नवं आलं की ही यंत्रणा ते आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस एका गटात तयार करते. मग व्हर्च्युअल मशीनवर पूर्ण सिस्टिम इन्स्टॉल करून, ती सुरू होते का आणि नेहमीची कामं चालतात का हे तपासते. पास झालेली पॅकेजेसच पुढे जातात. त्या आठवड्याची यादी गोठवली जाते आणि अपडेट आधी थोड्याच मशीनवर सोडलं जातं. ती नीट चालली तर बाकीच्यांवर. याला 'कॅनरी' पद्धत म्हणतात. पूर्वी खाणकामगार विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी सोबत नेत, त्यावरून हे नाव पडलं.

तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये 30 पीसी असले तरी हाच मार्ग चालतो. एका सर्व्हरवर पॅकेजेसची कॉपी ठेवायची, त्याला 'लोकल मिरर' म्हणतात. 1 जीबीचं अपडेट इंटरनेटवरून 30 वेळा उतरवण्याऐवजी एकदाच उतरतं. बाकीचे पीसी ते लॅबच्या नेटवर्कवरून घेतात आणि सगळ्यांवर एकच व्हर्जन राहतं. फक्त आधी 2 पीसीवर चालवून बघायचं, आणि तेही प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी नको.