पित्त नव्हे, कान!

आपल्याकडे घेरी आली की पहिला आळ पित्तावर. त्यात डोळे लकलकायला लागले तर चष्म्याचा नंबर, नाहीतर बाहेरची बाधा. कानाकडे कुणी बघत नाही.

तळेघरला मास्तर होतो तेव्हा श्रावणातल्या पावसात मुली शाळेच्या पडवीत फुगड्या घालायच्या. फुगडी सुटली की त्यांची बुबुळं एका बाजूला हळूच सरकायची आणि झटक्यानं परत यायची. पुन्हा सरकायची, पुन्हा झटका! कारण अंग थांबतं, पण कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव फिरतच राहतो. मेंदूला वाटतं डोकं अजून फिरतंय, म्हणून तो डोळे उलटे ओढतो. निरोगी मुलीला हे क्षणभर होतं. कान बिघडला की बसल्याजागी होतं.

हे कळायला फार काळ गेला. 1824 च्या सुमारास फ्लूरांसनं कबुतरांच्या या नळ्या कापल्या; बिचारी गरगरू लागली, पण ऐकू येत होतं. तरी माणसाची भोवळ मेंदूत रक्त चढल्यानेच येते असं मानून रक्त काढणं चालूच! 1861 मध्ये पॅरिसच्या मेनिएरनं ठासून सांगितलं, दोष कानात आहे.

पण मला आवडतो तो व्हिएन्नाचा रॉबर्ट बारानी. तो रोग्यांचे कान पाण्यानं धूत असे. एक रोगी म्हणाला, पाणी गार असलं की मला चक्कर येते. दुसरा कुणी 'बरं बरं' म्हणाला असता. बारानीनं पाणी तापवायला सांगितलं, ते जास्तच तापलं, पुन्हा चक्कर! आणि डोळ्यांचे झटके या खेपेला उलट्या दिशेला. म्हणजे नळीतला द्रव तापून वर चढतो, गारठून खाली उतरतो. यातून कान तपासायची रीत निघाली. 1914 सालच्या नोबेलची बातमी आली तेव्हा हा गृहस्थ रशियाच्या कैदेत होता. 1916 मध्ये सुटका झाली.

आमच्या नात्यातल्या एका आजींना वर्षभर पित्ताच्या गोळ्या चालल्या होत्या. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी मान वळवून त्यांना झटकन आडवं केलं आणि डोळे पाहिले. ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांची, 1952 ची. कानातले बारीक खडे जागेवरून सुटले होते. डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते मागे नेले. औषध शून्य.

आणि गंमत बघा, 1983 मध्ये अंतराळातल्या स्पेसलॅबवर कान तापवून पाहिले. तिथे वजन नाही, म्हणजे गरम वर चढायचा प्रश्नच नाही. तरी डोळे हललेच! बारानीची परीक्षा आजही दवाखान्यात चालते, त्याचं स्पष्टीकरण मात्र अर्धंच निघालं.