लेकीच्या नावाचे एकवीस पट

मंडळी, भाचरांच्या घरी बारसं झालं की मला हल्ली एक फोन हमखास येतो. "आत्या, बाळाच्या शिक्षणासाठी कुठली पॉलिसी घेऊ?" आता मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, मला पॉलिसीतलं काय कळतंय! पण या प्रश्नालाही चांगला चाळीस वर्षांचा इतिहास आहे, तेवढा मला सांगता येईल. म्हटलं, सगळ्यांना एकदमच सांगावा.

आमच्या प्रभादेवीत बचत म्हणजे पोस्ट, एलआयसी आणि चाळीतली भिशी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि आजूबाजूच्या घरांमध्ये एक गोष्ट पक्की ठरली, की पोरांनी गिरणीत जायचं नाही, शिकायचं. शिकायला पैसा लागणार. १९८६ साली युनिट ट्रस्टने 'चिल्ड्रन्स गिफ्ट ग्रोथ फंड' काढला. मुलाच्या नावाने पैसे ठेवायचे, सज्ञान झाल्यावर त्याला मिळायचे. मग १९९२ साली आली 'राजलक्ष्मी'. पाच वर्षांपर्यंतच्या मुलीच्या नावाने गुंतवा, वीस वर्षांनी एकवीस पट! हजाराचे एकवीस हजार. युनिट ट्रस्ट म्हणजे लोकांच्या लेखी सरकारच. १९६३ च्या कायद्याने जन्मलेली संस्था. तिच्यावर शंका कोण घेणार?

त्याच सुमारास 'डीप डिस्काउंट बाँड' हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी बसला. १९९२ साली आयडीबीआयने २,७०० रुपयांचे पंचवीस वर्षांनी एक लाख देऊ असं सांगितलं. पाठोपाठ गुजरातच्या सरदार सरोवर निगमाने ३,६०० रुपयांचे वीस वर्षांनी १,११,००० देण्याचा बाँड काढला. आमच्या स्टाफरूममध्ये डबे खाताना हाच विषय. ज्याला त्याला मुलाची इंजिनीअरिंगची फी त्या लाखात दिसत होती.

पुढे काय झालं? व्याजाचे दर उतरले. एकवीस पट म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेसोळा टक्के चक्रवाढ, ती आणायची कुठून? 'राजलक्ष्मी' २००० साली मुदतीआधीच गुंडाळली. आयडीबीआयने २००२ मध्ये बाँडमागे १२,००० रुपये देऊन हिशेब मिटवला. माहितीपत्रकात त्यांनी तसा हक्क राखून ठेवला होताच. बारीक अक्षरात. २ जुलै २००१ ला युनिट ट्रस्टने आपल्या लाडक्या यूएस-६४ ची खरेदी-विक्रीच थांबवली, १ फेब्रुवारी २००३ ला ट्रस्टचे दोन तुकडे झाले, आणि २००४ मध्ये तो गिफ्ट फंडही आटोपला. सरदार सरोवरची तर गंमतच. मुदतीआधी पैसे मागायचा हक्क गुंतवणूकदाराला होता, निगमाला नव्हता. म्हणून २००८ साली गुजरात विधानसभेने खास कायदा करून निगमाला तो हक्क दिला, आणि २००९ मध्ये ५०,००० रुपये देऊन बाँड परत घेतले.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. दहा वर्षांत २,७०० चे १२,००० हे काही वाईट नाही. वर्षाला सोळा टक्के पडतात. "लुटलं, लुटलं" म्हणणाऱ्यांनी हे गणित केलं नव्हतं. पण पुढचंही गणित करून बघा. ते १२,००० त्या वेळच्या आठ टक्क्यांनी उरलेली पंधरा वर्षं ठेवले तर होतात साधारण ३८,०००. ठरले होते एक लाख. म्हणजे या योजनांमधला सगळ्यात मोठा आकार कुठल्याच तक्त्यात छापलेला नव्हता. व्याजाचे दर चढले असते तर तुम्ही कमी दरात अडकला असता. तुम्हाला मध्येच बाहेर पडायची मुभा होती, पण ठरलेल्या वर्षी आणि ठरलेल्या रकमेवरच. दर उतरले तेव्हा मात्र संस्थेने दार लावून घेतलं. शिवाय मुलगी दहा वर्षांची, खर्च अजून पुढेच!

या अनुभवाने लोक शहाणे झाले असतील असं वाटलं होतं. पण २००० नंतर खाजगी विमा कंपन्या आल्या आणि युलिप नावाचं प्रकरण घरोघरी गेलं. त्यात विमाही आणि शेअर बाजारही. जाहिरातीत पदवीची टोपी घातलेलं गोंडस मूल. इथला आकार छापलेला होता, फक्त कुणी वाचत नव्हतं. विमा कायद्याने एजंटला पहिल्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत आणि नव्या कंपन्यांत पहिली दहा वर्षं ४० टक्क्यांपर्यंत कमिशन द्यायची मुभा होती. ते यायचं कुठून? तुमच्याच हप्त्यातून. समजा २०,००० भरले आणि ३० टक्के कापले, तर गुंतले १४,०००. वर्षाला दहा टक्के वाढ धरली तरी त्यांचे पुन्हा २०,००० व्हायला पावणेचार वर्षं लागतात. त्यातून दरमहा विम्याचे आणि व्यवस्थापनाचे पैसे युनिटं मोडून घेतले जायचे. त्यामुळे पेपरात भाव वाढलेला दिसे, आणि तुमच्या खात्यातली युनिटं मात्र गुपचूप कमी होत.

माझ्या एका मैत्रिणीच्या सुनेने असा प्लॅन घेतला होता. दोन हप्ते भरले आणि नवऱ्याची नोकरी सुटली. तीन वर्षं पुरी झाल्यावर हातात आलं ते भरलेल्याच्या निम्म्याहून कमी. एजंट नात्यातलाच, त्यामुळे भांडायचीही चोरी. पोराची ज्युनिअर कॉलेजची फी भरायला शेवटी तिने पाटल्या मोडल्या.

आणखी एक मेख. मुलांच्या काही पॉलिसींमध्ये विमा मुलाच्याच जिवाचा असतो. अहो, घरात कमावतो बाप किंवा आई! त्यांचं बरंवाईट झालं तर पुढचे हप्ते माफ व्हायला वेगळी सोय घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे. भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते, की विमा कुणाच्या जिवाचा? दुसरा, दोन वर्षांनी बंद केलं तर किती परत मिळतील, तो आकडा कागदावर आहे का?

नियम सुधारले हे मान्य. ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांत शिरतानाची कपात सेबीने बंद केली. १ सप्टेंबर २०१० पासून युलिपच्या आकारांवर मर्यादा आली आणि पैसे अडकण्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली.

जानेवारी २०१५ मध्ये 'सुकन्या समृद्धी' सुरू झाली. लेकीच्या नावाने खातं, पंधरा वर्षं पैसे भरायचे, मुदत एकवीस वर्षांची. (हा एकवीसचा आकडा काही आपली पाठ सोडत नाही!) मला ती योजना बरी वाटते, कारण मध्ये कमिशनवाला नाही. पण तिचा व्याजदरही कायमचा ठरलेला नाही. सरकार दर तिमाहीला तो जाहीर करतं. सुरुवातीला ९.१ टक्के होता, नंतर ७.६ पर्यंत उतरला, २०२४ च्या जानेवारीत ८.२ झाला. त्यातली अगदी पहिली खाती २०३६ मध्ये पिकतील.